टॉमस पेकॉकच्या मृत्युपत्रातून गुडडे घराण्याचा माग : कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

कामाची व्याप्ती आधी लिहून ठेवते. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील कॉगेशल गावच्या टॉमस पेकॉक या श्रीमंत कापड-व्यापाऱ्याने ४ सप्टेंबर १५१८ रोजी मृत्युपत्र केले आणि त्याच वर्षी तो वारला. आमच्या शेजारच्या वृद्ध बाईंच्या आईचे माहेरचे आडनाव गुडडे होते. बाईंच्या आजोबांनी हाताने काढून ठेवलेल्या वंशावळीत सगळ्यात वर या पेकॉकचे नाव आहे, त्याच्याखाली ‘मुलगी ग्रेस, गुडडे कुळात दिली’ असे लिहिलेले आहे, आणि तिथून रेघा खाली उतरत बाईंच्या आईपर्यंत येतात. वंशावळीच्या कोपऱ्यात ‘एलॉफ’ असा एक शब्द आणि त्यापुढे एक आकडा आहे. हा सांधा खरा आहे का, एवढेच मला तपासायचे आहे. परदेशात राहून इंग्रज शेजाऱ्यांच्या, सुनेच्या किंवा जावयाच्या घराण्याचा शोध घेऊ पाहणारे मराठी लोक आता पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणाला मध्ययुगाच्या अखेरचे मृत्युपत्र हाताळायची वेळ आली, तर माझा गेलेला वेळ त्यांचा जाऊ नये म्हणून या नोंदी ठेवते आहे.

२१ जानेवारी

‘एलॉफ’चा उलगडा झाला. कँटरबरीच्या आर्चबिशपच्या, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ, न्यायालयात मंजूर झालेली मृत्युपत्रे मोठ्या वह्यांमध्ये उतरवून घेत असत, आणि त्या वह्यांना बहुधा आत ज्याचे मृत्युपत्र पहिले किंवा महत्त्वाचे असेल त्या माणसाचे नाव पडत असे. एलॉफ ही १५१७ ते १५२० या काळातली वही आहे. या वह्या लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात असून तिथल्या सूचीत या मालिकेला ‘प्रॉब ११’ असा क्रमांक आहे, आणि एलॉफ ही तिच्यातली १९ वी वही आहे.

वंशावळीतला आकडा मात्र पृष्ठाचा धरून शोधल्यास काहीच हाती लागत नाही. जुन्या अभ्यासकांनी दिलेले हे आकडे पानांचे नसून जुड्यांचे असतात. एक जुडी आठ पत्रांची, म्हणजे सोळा पानांची असते, आणि मृत्युपत्र त्या सोळा पानांत कुठेही असू शकते. हे न कळल्यामुळे दोन संध्याकाळी चुकीच्या पानांवर गेल्या. सूचीत नावावरून शोध घ्यायचा असेल तर पेकॉक हे आडनाव जेवढ्या प्रकारे लिहिता येईल तेवढ्या प्रकारे लिहून पाहावे, कारण त्या काळी एकाच कागदावर एकाच माणसाचे नाव दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळते.

खर्चाची नोंद : अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर खाते उघडून आत गेल्यास या वह्यांच्या प्रतिमा ठरावीक मर्यादेपर्यंत विनामूल्य उतरवून घेता येतात. मला एकही पैसा पडला नाही. वंशावळीचा व्यवसाय करणाऱ्या काही संस्था अशाच प्रतिमांसाठी वर्षाची वर्गणी मागतात. ती भरण्याआधी मूळ अभिलेखागारात पाहून घ्यावे.

४ फेब्रुवारी

वाचनाला सुरुवात केली आणि पहिल्याच परिच्छेदात अडले. मृत्युपत्र इंग्रजीत आहे, फक्त शेवटची मंजुरीची नोंद लॅटिनमध्ये आहे. त्यामुळे भाषेची अडचण फारशी नाही, अडचण अक्षराची आहे. एम, एन, यू, व्ही आणि आय ही अक्षरे सारख्याच उभ्या काड्यांची बनलेली असल्याने कुठे एक अक्षर संपले आणि दुसरे सुरू झाले ते कळत नाही. मोडी वाचण्याची सवय असलेल्यांना हा अनुभव नवा नाही : सुटे अक्षर ओळखण्याचा हट्ट धरला की वाचन थांबते, आणि त्या लेखनिकाच्या हाताची वळणे एकदा डोळ्यांत बसली की ओळी आपोआप चालू लागतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचा जुनी अक्षरे वाचायला शिकवणारा विनामूल्य पाठ संकेतस्थळावर आहे. तो पूर्ण केल्यावरच पुढे जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

आकड्यांसाठी मी वेगळा तक्ता केला. रोमन आकड्यांत शेवटचा आय लांब शेपटीचा काढतात, आणि चार हा आकडा चार काड्यांनी लिहितात. एका पौंडाचे २० शिलिंग, एका शिलिंगचे १२ पेन्स. याखेरीज ‘मार्क’ हे हिशेबाचे परिमाण आहे, त्याचे १३ शिलिंग ४ पेन्स होतात. मृत्युपत्रात पुन्हा पुन्हा येणाऱ्या ६ शिलिंग ८ पेन्स आणि ३ शिलिंग ४ पेन्स या रकमा आपल्याला विचित्र वाटतात, पण त्या अनुक्रमे अर्धा मार्क आणि पाव मार्क आहेत. हे कळल्यावर वाचनातल्या निम्म्या शंका मिटल्या, कारण अंधुक आकडा कोणता असू शकतो याचा अंदाज आधीच बांधता येतो. त्या काळी कुशल गवंड्याला किंवा सुताराला दिवसाला साधारण ६ पेन्स मिळत, म्हणजे पाव मार्क हा जवळपास सात दिवसांचा रोज होता. प्रत्येक रकमेपुढे मी असे दिवस मांडले. कुणाला किती जवळचे मानले होते ते त्यावरून दिसू लागते.

१८ फेब्रुवारी

पहिला मोठा भाग धर्मकार्याचा आहे आणि घराण्याचा शोध घेणारे तो ओलांडून पुढे जातात. मीही तो बाजूला ठेवणार होते, पण नातेवाइकांच्या यादीत जे सापडत नाही ते इथे सापडते.

पेकॉकने रस्त्यांसाठी पैसे ठेवले. कॉगेशलच्या वेस्ट स्ट्रीटवर, जिथे त्याचे घर होते, त्या रस्त्याच्या दुरुस्तीसाठी ४० पौंड. कॉगेशल आणि ब्लॅकवॉटर यांच्यामधल्या खराब वाटेवर, ‘जिथे सर्वांत जास्त गरज असेल तिथे’, २० पौंड. त्यानंतर क्लेअर ते ओव्हिंग्टन या वाटेसाठी २० पौंड आणि ओव्हिंग्टन ते बेलचँप सेंट पॉल या वाटेसाठी आणखी २० पौंड. पहिल्या दोन रकमा समजतात. पण क्लेअर हे सफक परगण्यात, स्टूर नदीच्या पलीकडे आहे. कॉगेशलच्या व्यापाऱ्याने तिकडच्या चिखलवाटांसाठी चाळीस पौंड का द्यावेत? कारण पेकॉक घराणे मूळचे क्लेअरचे. पंधराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांची एक शाखा कॉगेशलला येऊन राहिली, आणि टॉमसची पहिली बायको मार्गारेट हॉरोल्ड हीसुद्धा क्लेअरच्याच घरातली. क्लेअरच्या मठातल्या साधूंना त्याने मिस्सांसाठी, म्हणजे मृताच्या आत्म्यासाठी करायच्या चर्चमधल्या प्रार्थनाविधींसाठी, पैसे दिले, आणि शिवाय आपल्या मृत्यूनंतरच्या उपवासकाळात खारवलेल्या लाल हेरिंग माशांचे एक पिंप द्यायला सांगितले. वंशावळ नसती आणि केवळ रस्ते, चर्च आणि मठ यांच्या देणग्या नकाशावर मांडल्या असत्या, तरी हे घराणे कुठून आले ते कळले असते.

म्हणून ज्यांना असे मृत्युपत्र हाती लागेल त्यांनी सर्वप्रथम नकाशा करावा. मी परगण्याच्या नकाशावर प्रत्येक देणगीचे ठिकाण खुणेने दाखवले आणि खुणा दोन झुबक्यांत पडल्या : एक कॉगेशलभोवती, दुसरा क्लेअरभोवती. पुढे कोणत्या दप्तरखान्यात जायचे हे या नकाशानेच ठरवले.

३ मार्च

अंत्यविधीच्या सूचनांत मुलांचा उल्लेख आहे, आणि वंशावळीतील ‘मुलगी ग्रेस’चा प्रश्न इथे पहिल्यांदा पुढे आला. दफनाचा दिवस, सातवा दिवस आणि महिन्याचा दिवस असे तीन विधी पेकॉकने आखून दिले. दफनाला बारा मशाली, सातव्या दिवशी सहा, महिन्याच्या दिवशी पुन्हा बारा. पांढरे झगे घातलेली चोवीस किंवा बारा लहान मुले हातांत मेणबत्त्या घेऊन उभी राहतील, आणि त्यांतली होतील तितकी आपली धर्ममुले असावीत, असे तो सांगतो. धर्ममुलांना प्रत्येकी ६ शिलिंग ८ पेन्स, इतर मुलांना प्रत्येकी ४ पेन्स. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता म्हणून ज्यांची जबाबदारी त्याने घेतली होती, त्यांना इतर मुलांच्या वीसपट रक्कम मिळते आहे.

हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. धर्ममुलांशी असलेले नाते त्या काळात नावापुरते नव्हते हे एरवी सांगून पटत नाही. इथे ते पैशांत मोजून दाखवलेले आहे. दुःख एवढेच की या ठिकाणी मुलांची नावे दिलेली नाहीत. ती मुले कोण हे गावाला आणि मृत्युपत्र अमलात आणणाऱ्यांना ठाऊक होते, लिहायची गरज नव्हती.

१० मार्च

आज गुडडे कुटुंब सापडले, आणि एका जागी नाही, अनेक जागी.

टॉमस गुडडे, शिअरमन, याला २० शिलिंग आणि त्याच्या प्रत्येक मुलाला ३ शिलिंग ४ पेन्स. एडवर्ड गुडडे, शिअरमन, याला १६ शिलिंग ८ पेन्स आणि त्याच्या मुलाला ३ शिलिंग ४ पेन्स. सँपफर्डचा रॉबर्ट गुडडे, त्याचे भाऊ आणि बहिणी यांना रकमा, आणि त्या भावंडांतल्या ग्रेसला, ती आपली धर्मकन्या म्हणून, वेगळी जास्तीची रक्कम. स्टिस्टेडचा निकोलस गुडडे आणि कॉगेशलचा रॉबर्ट गुडडे यांना आणि त्यांच्या कुटुंबांना. आणि याच कुळातला जॉन, जो धर्मगुरू होता, त्याला तीस मिस्सांसाठी १० शिलिंग.

शिअरमन म्हणजे विणून, कुटून घट्ट केलेल्या लोकरी कापडावर उभी राहिलेली लव हातभर लांब कात्रीने कातरून सारखी करणारा कारागीर. कापडाला किंमत येते ती या शेवटच्या कामाने, आणि हात जरा चुकला तर आधीच्या सगळ्यांचे श्रम वाया जातात. व्यापाऱ्याचा ज्या कारागिरावर सर्वांत जास्त भरवसा असावा लागतो त्यांच्यापैकी हा एक. टॉमस गुडडेचे २० शिलिंग म्हणजे गवंड्याचा चाळीस दिवसांचा रोज. त्याच मृत्युपत्रात ज्या विणकरांची, कापड कुटणाऱ्यांची आणि शिअरमनांची नावे आधी आलेली नाहीत त्यांना सरसकट १२ पेन्स आणि ज्यांनी पुष्कळ काम केले त्यांना ३ शिलिंग ४ पेन्स ठेवलेले आहेत. गुडडे मंडळी या सरसकट यादीत नाहीत. त्यांची नावे, गावे, मुले, भावंडे, सगळे पेकॉकला तोंडपाठ होते.

आणि आजोबांच्या वंशावळीतला सांधा इथेच सुटतो. ग्रेस ही पेकॉकची मुलगी नव्हे, धर्मकन्या होती. ती लग्न करून गुडडे कुळात गेलेली नाही. रॉबर्टच्या भावंडांत तिची गणना आहे, म्हणजे ती जन्मानेच गुडडे आहे. कुणीतरी मूळ मजकुराची नक्कल करताना ‘धर्म’ एवढे गाळले, आणि पुढच्या पिढीने ‘मुलगी’ला लग्नाची रेघ जोडली असावी. मृत्युपत्र केले तेव्हा पेकॉकची दुसरी बायको, ॲन कॉटन, गरोदर होती आणि त्या गर्भाचाही विचार मृत्युपत्रात आहे. जो माणूस न जन्मलेल्या बाळाची तजवीज करतो तो लग्न झालेल्या मुलीला धर्मकन्या म्हणून थोडक्यात उरकणार नाही.

आणखी एक गोष्ट पुराव्याला जोडून ठेवते. त्या काळच्या धर्मशास्त्राप्रमाणे धर्मपित्याचे आणि धर्ममुलाचे नाते रक्ताच्या नात्यासारखेच मानले जाई आणि त्याच्या आड विवाह होत नसे. ज्या कुटुंबाच्या मुलाला आपण बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचलले त्या मुलाशी आपल्या पोटच्या मुलाचे लग्न लागू शकत नव्हते. तेव्हा धर्मकन्येचा उल्लेख हा सोयरिकीचा पुरावा तर नव्हेच, उलट तिच्याबाबतीत सोयरिकीचा मार्ग बंद असल्याची खूण आहे.

१७ मार्च

बाईंना हे सांगायचे होते आणि ते सोपे नव्हते. आजोबांच्या हस्ताक्षरातल्या कागदावर त्यांचा जीव आहे. मी मूळ ओळीची छपाई, तिचे आजच्या इंग्रजीत केलेले वाचन आणि रकमांचा तक्ता असे तीन कागद नेले. त्यांनी टॉमस गुडडेच्या ओळीवर बराच वेळ बोट ठेवले आणि विचारले, की हा माणूस नेमके काय काम करत असे. व्यापाऱ्याच्या नावापेक्षा कात्रीचे काम त्यांना अधिक आपले वाटले, कारण त्यांची आई शिवणकाम करून घर चालवत असे. शोध थांबवायचा नाही, असे त्यांनीच सांगितले. यापुढे वरचे टोक पेकॉक नव्हे, १५१८ सालचे गुडडे.

१ एप्रिल

पेकॉक घराण्याचा स्वतःचा माग थोडक्यात नोंदवते, कारण श्रीमंत माणसाच्या बाबतीत तो किती सहज लागतो आणि कारागिराच्या बाबतीत का लागत नाही, हे एकत्र पाहायला हवे. टॉमसचे आजोबा, त्यांचेही नाव टॉमस, यांच्या स्मृतिलेखात ‘कॉगेशलचा खाटीक’ असे लॅटिनमध्ये लिहिलेले होते आणि मृत्यूचा दिवस २१ मे १४६१ असा दिलेला होता. म्हणजे जनावरांच्या व्यापारातून लोकरीत, लोकरीतून कापडात अशी ही चढती कमान. वडील जॉन यांनी वेस्ट स्ट्रीटवरचे घर टॉमसला दिले. त्याच्या लाकडावर टॉमस आणि मार्गारेट यांची आद्याक्षरे कोरलेली आहेत. गावातली त्यांची शाखा १५८४ मध्ये संपली आणि घर बक्स्टन या, पेकॉकांशी सोयरिक असलेल्या, कापड-व्यापारी घराण्याकडे गेले. त्यांनी ते १७४६ मध्ये विकले, आणि पुढे त्याच घराण्यातल्या नोएल बक्स्टन यांनी परत घेऊन १९२४ मध्ये नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिले. दगड, पितळ, लाकूड आणि चर्मपत्र, चारही ठिकाणी ही माणसे नोंदलेली आहेत. गुडडेंची नोंद दुसऱ्याच्या मृत्युपत्रात आहे. श्रीमंताच्या मृत्युपत्राचे खरे महत्त्व मला इथेच दिसते : त्याच्या स्वतःच्या घराण्यासाठी इतर साधने आहेतच, पण त्याच्याकडे काम करणाऱ्यांसाठी अनेकदा हा एकच कागद असतो.

१४ एप्रिल

कॉगेशलला प्रत्यक्ष जाऊन आले. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून येणाऱ्या गाडीने केल्व्हेडनला उतरावे लागते, पुढे तीन मैल. घर पाहण्याचे दिवस ऋतूप्रमाणे बदलतात, ते आधी पाहून जावे. सेंट पीटर चर्चवर १९४० मध्ये बॉम्ब पडला आणि बराच भाग नंतर पुन्हा बांधला गेला, त्यामुळे तिथे जाऊन सगळी स्मृतिशिल्पे वाचता येतील अशी अपेक्षा ठेवू नये. जुन्या काळी कुणी टिपून ठेवलेले मजकूर हेच अनेकदा आधार असतात.

५ मे

गेल्या महिन्यात सर्वांत जास्त वेळ गेला, आणि त्याचे कारण लिहिणे आवश्यक आहे.

१५१८ पासून खाली यायचे तर पुढची पायरी म्हणजे स्वतः गुडडेंची मृत्युपत्रे. पेकॉकचे मृत्युपत्र कँटरबरीच्या मोठ्या न्यायालयात गेले याचे कारण त्याची मालमत्ता एकाहून अधिक बिशपांच्या हद्दीत असणार : कॉगेशल लंडनच्या बिशपकडे, क्लेअर नॉरिचच्या बिशपकडे. कारागिराची चीजवस्तू एकाच गावात असे, म्हणून त्याचे मृत्युपत्र खालच्या न्यायालयात मंजूर होई. कॉगेशलसाठी ते कोल्चेस्टरच्या आर्चडीकनचे, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या धर्माधिकाऱ्याचे, न्यायालय, आणि त्याची कागदपत्रे चेम्सफर्ड येथील एसेक्सच्या दप्तरखान्यात आहेत. इथवर ठीक. क्लेअरकडच्या माणसांसाठी सडबरीच्या आर्चडीकनची कागदपत्रे सफकच्या दप्तरखान्यात पाहावी लागतात.

पण स्टिस्टेड? ते कॉगेशलपासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून निकोलस गुडडेचा शोध मी कोल्चेस्टरच्याच सूचीत घेत राहिले. आडनावाची गुडे, गॉडे, गुडी अशी सगळी रूपे घालून पाहिली, आणि स्टिस्टेडच्या कुणाचेही मृत्युपत्र तिथे दिसेना. एका गावातला एकही माणूस मृत्युपत्र न करता मरावा हे शक्य नाही, तेव्हा दोष माणसांत नसून सूचीत असणार, हे लक्षात यायला वेळ लागला. दप्तरखान्यातल्या एका अनुभवी कर्मचाऱ्याने हद्दींचा नकाशा समोर ठेवला : स्टिस्टेड हे चहूकडून लंडनच्या बिशपच्या प्रदेशाने वेढलेले असूनही थेट कँटरबरीच्या आर्चबिशपच्या खास अधिकारात, बॉकिंगच्या डीन या त्यांच्या धर्माधिकाऱ्याकडे होते. शेजारचे गाव, पण न्यायालय वेगळे, वही वेगळी, सूची वेगळी.

यापुढे कुणीही काम सुरू करताना मृत्युपत्रात आलेल्या प्रत्येक गावापुढे ते गाव कोणत्या धर्मन्यायालयाच्या हद्दीत होते हे आधी लिहावे आणि मगच नाव शोधायला बसावे. हे मी पहिल्या आठवड्यात केले असते तर एप्रिलचा बहुतेक भाग वाचला असता.

खर्च : दप्तरखान्यात छायाचित्रे घेण्याचे शुल्क, संकेतस्थळाची थोड्या काळाची वर्गणी, गाडीभाडे आणि छपाई मिळून आतापर्यंत शंभर पौंडांच्या आतबाहेर.

१९ मे

वरून खाली येताना आणि खालून वर जाताना मधे किती पोकळी आहे ते आज कागदावर मांडले. बाईंच्या आईपासून मागे जाताना जनगणना, नागरी नोंदणी आणि चर्चच्या वह्या यांच्या आधाराने उत्तर एसेक्समधल्या एका बाप्तिस्म्यापर्यंत, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, रेघ पक्की झाली आहे. जन्म, विवाह आणि दफन यांच्या वह्या ठेवण्याचा हुकूम इंग्लंडमध्ये १५३८ मध्ये निघाला, पण सगळीकडच्या वह्या तेव्हापासूनच्या टिकल्या नाहीत. कॉगेशलची पहिली वही १५८४ पासूनची आहे. म्हणजे टॉमस आणि एडवर्ड गुडडेंची मुले, ज्यांना प्रत्येकी पाव मार्क मिळाला, ती मोठी झाली, त्यांची लग्ने झाली आणि त्यांतली बहुतेक मरूनही गेली तरी या गावात वही नाही.

ही पोकळी भरायला १५२४-२५ च्या करवसुलीच्या याद्या आहेत. त्या करात वर्षाला एक पौंड मजुरी मिळवणाऱ्यांनाही धरले होते, त्यामुळे इतर कोणत्याही यादीत नसलेली माणसे त्यांत येतात. मात्र त्या याद्या नाते सांगत नाहीत. अमुक नावाचा माणूस अमुक गावात तेव्हा हयात होता, एवढेच त्यांवरून म्हणता येते, आणि मी त्या हजेरीपुरत्याच वापरते आहे. टॉमस हे नाव एका कुळात पुन्हा पुन्हा येते, कारण धर्मपिता आपलेच नाव मुलाला देत असे. पेकॉकसारखा धर्मपिता ज्या गावात आहे तिथे टॉमसांची भर पडणारच. नाव आणि गाव जुळले म्हणून बापलेक ठरवायचे नाही, हा नियम मी भिंतीवर लावून ठेवला आहे.

तारखांबद्दल एक सूचना : १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलत असे. फेब्रुवारी १५२४ अशी तारीख दिसली तर ती आपल्या मोजणीने फेब्रुवारी १५२५ असते. मृत्युपत्र आणि त्याची मंजुरी यांत उलटा क्रम दिसू लागला की आधी हे तपासावे.

२ जून

नात्याच्या शब्दांनी थोडा घोळ घातला. त्या काळच्या मृत्युपत्रांत ‘कझिन’ हा शब्द पुतणा, भाचा, चुलतभाऊ, दूरचा भाऊबंद अशा कुणालाही लावलेला असतो, मेव्हण्याला सरळ ‘भाऊ’ म्हटलेले असते, आणि सावत्र मुलालाही जावयाचाच शब्द वापरतात. नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत बाप, आजा, पणजा अशी रांग लिहिलेली मिळते, त्या सवयीने इथे वाचू नये. मी प्रत्येक व्यक्तीपुढे दोन रकाने केले : एकात मूळ शब्द जसाच्या तसा, दुसऱ्यात पुरावा मिळाल्यावरच नाते. दुसरा रकाना बहुतेक रिकामा आहे आणि तो तसाच राहू देणे भाग आहे.

मृत्युपत्रात एखाद्या मुलाचे नाव नसेल तर तो नव्हताच, असाही निष्कर्ष काढू नये. १५४० पूर्वी जमीन मृत्युपत्राने सरसकट देता येत नव्हती. ती विश्वासू माणसांच्या नावे करून ठेवत आणि त्यांना सूचना देत. थोरल्या मुलाला वारसाहक्काने जमीन मिळायची असेल किंवा मुलीला लग्नात तिचा वाटा दिलेला असेल, तर मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख नसणे स्वाभाविक आहे. वर ग्रेसबद्दल मी जो निष्कर्ष काढला तो उल्लेख नसण्यावर आधारलेला नाही. तिचा उल्लेख आहे आणि तो धर्मकन्या म्हणून, भावंडांसह आहे, म्हणूनच तो टिकतो.

१६ जून

नवी वंशावळ काढून बाईंना दिली. वरच्या बाजूला पेकॉकचे नाव एका चौकटीत आहे, आणि त्याच्यापासून गुडडेंकडे जाणाऱ्या रेघा तुटक आहेत : ग्रेसकडे ‘धर्मपिता’, टॉमस आणि एडवर्ड यांच्याकडे ‘काम देणारा’, जॉनकडे ‘मिस्सांसाठी दक्षिणा’. गुडडेंच्या आपापसातल्या नात्यांपैकी फक्त रॉबर्ट आणि त्याची भावंडे सलग रेघेने जोडली आहेत, कारण मृत्युपत्र तेवढेच सांगते. खालच्या बाजूला बाईंच्या आईपासून वर जाणारी सलग रेघ आहे. मधली जागा पांढरी आहे. जुनी वंशावळ काढून टाकू नका, तिच्या मागे ‘आजोबांनी काढलेली, १५१८ चा सांधा तपासून बदलला’ असे लिहून ती नव्या कागदासोबत ठेवा, असे मी सुचवले, आणि त्यांनी ते मान्य केले.

पुढच्या कामाची यादी अशी आहे. बॉकिंगच्या डीनकडच्या मृत्युपत्रांत स्टिस्टेडच्या गुडडेंचा शोध पूर्ण करायचा. सँपफर्डसाठी हद्द आधी तपासून मग सूची उघडायची. पेकॉकने सेंट कॅथरीनच्या वेदीपाशी मिस्सा चालू राहाव्यात म्हणून जमीन लावून दिली होती. अशा नेमणुका १५४७ च्या कायद्याने जप्त झाल्या आणि त्या सुमारास सरकारने त्यांची पाहणी करून नोंदी केल्या. अशा नोंदींत जमीन सांभाळणाऱ्यांची आणि कसणाऱ्यांची नावे मिळू शकतात, म्हणून त्या मागवायच्या आहेत. कॉगेशलच्या जहागिरीच्या न्यायसभांची जी दप्तरे उपलब्ध असतील तीही पाहायची, कारण घर किंवा शेत बापाकडून मुलाकडे जाताना तिथे दोघांची नावे एकाच ओळीत लिहिली जात. चेम्सफर्डला पुढची वेळ घेतली आहे, ती जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली.